नाही, सर

भोपाळच्या त्या खोलीत मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर माझा पीआयक्यू उघडा होता. सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीला आलेला उमेदवार पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने भरतो तो हा फॉर्म. त्यात वडिलांचा पेशा, दहावी-बारावीचे टक्के, खेळ, छंद, याआधी किती वेळा आलात, सगळं असतं. इंजिनिअरिंग चार वर्षांचं, मला पाच लागली होती. वर्ष का गेलं, हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं.

"टायफॉइड, सर."

त्यांनी आस्थेने चौकशी केली. कोणता महिना, दवाखान्यात किती दिवस, वजन किती उतरलं, जवळ कोण होतं. मी न अडखळता सांगत गेलो. मग त्यांचं बोट फॉर्मवर एका ओळीशी थांबलं. "त्याच महिन्यात तुम्ही आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलात?"

कबड्डी खरी होती. टायफॉइड खोटा होता.

ही गोष्ट 2018 ची. खरं कारण गांजा. पुण्यात चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट, वर मोकळी गच्ची. पहिल्या वर्षी फक्त शनिवारी ओढायचो. दुसऱ्या वर्षी रोज, आणि शेवटी शेवटी सकाळी उठल्यावरही. चार विषयांच्या पेपरला गेलोच नाही. वायडी, म्हणजे इयर डाउन, लागला. घरी सांगितलं, टायफॉइड झाला होता, तुम्हाला काळजी नको म्हणून कळवलं नाही. आबा, माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमचा सातारा जिल्हा. पहिल्या महायुद्धात ज्या गावाने 46 माणसं गमावली ते अपशिंगे आमच्यापासून लांब नाही. पोरगा अधिकारी होणार, हे आबांनी पारावर केव्हाच सांगून टाकलं होतं. आता त्यांनी माझा टायफॉइडही गावभर सांगितला, तितक्याच विश्वासाने.

2015 च्या जूनमध्ये मी सोडलं. तीन आठवडे धड झोप नाही, जेवणाची इच्छा नाही, कुणी हाक मारली तरी चीड यायची. ते दिवस गेले. त्यानंतर आजवर हात लावलेला नाही.

सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा डोक्यात एकच विषय होता, मी पात्र आहे का. क्लासमधली मुलं हलक्या आवाजात हेच बोलायची. लघवीच्या तपासणीत किती दिवस दिसतं? रोज ओढणाऱ्याच्या शरीरात महिनाभरही अंश सापडतो, पण माझी तर वर्षं उलटली होती. कायदा वाचून काढला. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा जवळ बाळगणं हा जसा गुन्हा, तसं ओढणंही. कलम 27 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पोलीस आमच्या गच्चीवर कधी आलेच नाहीत. नोकरीआधीच्या पडताळणी फॉर्ममध्ये विचारतात ते अटक, खटला, शिक्षा यांविषयी. ही माहिती दडवली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकालही मी वाचला. दडवाल तर नोकरी जाऊ शकते. मात्र प्रकरण किरकोळ असेल तर ती चूक पोटात घालण्याची मुभा नोकरी देणाऱ्याला आहे. माझ्या नावावर प्रकरणच नव्हतं. प्रत्येक रकाना कोरा. म्हणजे पात्र. असा हिशेब करून मी भोपाळला गेलो होतो.

पण एसएसबी रकान्यांवर चालत नाही. मनसा, वाचा, कर्मणा, असं तिथे म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मन वाचतो, मुलाखतीत वाणी, मैदानावर कृती, आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये तिघे एकत्र बसतात. पडद्यावर एकामागोमाग साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्या वेळात सुचेल ते वाक्य लिहायचं असतं. जो माणूस काही वर्षं एक आजार रचून जगतोय त्याला ते पंधरा सेकंद फार लांब वाटतात. निकालात माझा चेस्ट नंबर पुकारला गेला नाही.

2019 मध्ये पुन्हा गेलो. ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, वयात बसत होतो, पण ही शेवटचीच संधी होती. या वेळी विचारल्यावर सरळ सांगितलं. गांजा, दोन वर्षं, वायडी, घरी खोटं बोललो, आता बंद आहे. समोरचे अधिकारी वेगळे होते. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला हलकं वाटत होतं, आणि कबूल करतो, थोडा अभिमानही वाटत होता. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यामुळे दुसऱ्या कुणी सुरू केलं?"

"नाही, सर."

विचार करायलाही थांबलो नाही. आमच्या फ्लॅटवर एक ज्युनियर यायचा. माझ्याच तालुक्यातला, मला दादा म्हणायचा, नोट्स न्यायला यायचा. त्याला पहिला झुरका मी दिला. "काही होत नाही रे," म्हणून. मी सोडलं तेव्हा सगळ्यांपासून तुटलो, त्याच्यापासूनही. त्याचं पुढे काय झालं याची मी कधी चौकशी केली नाही. पात्रतेचे सगळे नियम पाठ केले, त्यांत या मुलाला कुठेच जागा नव्हती. आणि ज्या कामासाठी मी त्या खुर्चीत बसलो होतो त्याचा गाभाच हा, की तुमच्यापेक्षा लहान, तुमच्यावर भरवसा टाकणारी माणसं तुमच्या हाती सोपवायची की नाही.

त्याही वेळी निवड झाली नाही. एसएसबी कारण सांगत नाही. त्या एका उत्तरामुळे झालं, असं मी म्हणणार नाही, मला ते म्हणण्याचा अधिकार नाही. वय संपलं. घरी येऊन आबांना टायफॉइडचं खरं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "आता घेतोस?" नाही म्हटल्यावर उठून गोठ्याकडे गेले. गावात त्यांनी ते कुणाला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

ज्युनियरच्या घरी जायला मला आणखी दोन दिवाळ्या लागल्या. त्याने तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं होतं, आता दूध संकलन बघत होता. त्याच्या आईने फराळाचं ताट पुढे ठेवलं, पुण्यात तू याला सांभाळलंस म्हणाली. तो मान खाली घालून कॅन धूत राहिला. ती आत गेल्यावर मी म्हटलं, तो पहिला झुरका मी दिला होता, ती माझी चूक होती, हे सांगायला आलोय.

"दादा, मी अजून घेतो," तो म्हणाला. "रोज नाही."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं साताऱ्याला डॉक्टरांकडे गेलो. त्याने यावं म्हणून मला तीनदा फोन करावा लागला.