हौद्यातली माती

शिरूर-चौफुला रस्त्यानं दौंडकडे जाताना आज दर गावात नजर मारुतीच्या देवळामागं जात होती. कुस्तीची तालीम असायची ती तिथंच. कुठं आता सभामंडप आहे, कुठं गाळे.

तालमीतला कुस्तीचा हौदा राखणं ही कला होती. तांबडी माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळायचा, रोज खोऱ्यानं उकरून पाणी शिंपायचं. मगच लंगोट कसायचा. माती मऊ राहिली तर पडणाऱ्याला सहसा इजा होत नाही. गावाच्या वर्गणीवर आणि वस्तादांच्या जिवावर हे सगळं चालायचं. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले.

हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या खेळणारी मंडळंही तालमीतल्या मुलांचीच. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले, म्हणजे खो-खोला घर पुण्यानंच दिलं. आणि पुणे जिल्ह्यातच या सगळ्या खेळांची मैदानं आक्रसत चालली आहेत.

तालमी ओस पडण्याची कारणं समोर आहेत. खुराक महागला, कुस्ती मॅटवर गेली, रांजणगावच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या पोरांना पहाटेचा व्यायाम जमेना. चांगला मल्ल मोठ्या केंद्रात जातो, तो जावाच. पण गावातली तालीम फक्त पदकासाठी नव्हती. वेगवेगळ्या आळ्यांतली पोरं तिथं एकमेकांच्या अंगाला माती लावत, हरल्यावर हात मिळवत.

जुने पैलवान हयात आहेत तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या तालमीचं नाव आणि वस्तादांची परंपरा लिहून ठेवावी. आणि गावठाणात एक हौद्याएवढी जागा पोरांसाठी राखावी.