तेलमाड आणि वनमानुष

आमच्या घरांत तेलाची चर्चा निघते ती बहुधा भावावरून. शेंगतेल कितीनें चढलें, करडईचें चांगलें कोठें मिळतें, हे प्रश्न थोरल्या वहिनींच्या अखत्यारांतले. परंतु ज्या तेलाचें नांवहि कोणी घेत नाहीं तेंच आमच्या पोटांत बरेंच जात असावें. बिस्किटांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें भिंग लावून वाचलीं, तर तेथें पामतेल आढळतें. फरसाणाच्या पुड्यावर तेंच, आणि अंगाच्या साबणांतहि तेंच. हें तेल परदेशांतून सर्वांत अधिक विकत घेणारा देश आपलाच आहे. अलीकडच्या वर्षांत आपली ही खरेदी साधारण पाऊण कोटि ते एक कोटि टनांच्या दरम्यान राहिली आहे.

हें तेल देणारा तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ सालीं त्याचीं अवघीं चार रोपें जावा बेटांत बोगोरच्या वनस्पतिउद्यानांत लावण्यांत आलीं. मलायांत १९१७ सालीं आंरी फोकोनिए ह्या फ्रेंच मळेवाल्यानें व्यापारी लागवडीस आरंभ केला. (हाच गृहस्थ पुढें कादंबरीकार झाला, आणि मलायावरील त्याच्या कादंबरीस १९३० सालीं गोंकूर पारितोषिक मिळालें.) आज जगांतील पामतेलापैकीं शेंकडा सुमारें ८५ भाग इंडोनेशिया व मलेशिया हे दोनच देश काढतात, आणि ह्याच दोन देशांच्या रानांत वनमानुष राहतो.

मलाय भाषेंत ओरांग म्हणजे माणूस व हुतान म्हणजे रान. तेव्हां आपला ‘वनमानुष’ हा शब्द अक्षरशः बरोबर आहे. ह्याची मादी सात-आठ वर्षांनीं एकदां विते. पिलूं तितकींच वर्षें आईला धरून असतें, आणि कोणत्या झाडाचें फळ केव्हां पिकतें हें तिच्यापासून शिकतें. अशा जातींत दरसाल थोड्या माद्या जरी अधिक मेल्या, तरी ती तूट पिढ्यान्‌पिढ्या भरून येत नाहीं. बोर्निओंत १९९९ ते २०१५ ह्या काळांत एक लाखाहून अधिक वनमानुष नाहींसे झाले, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केला. ह्यांतले सगळेच मळ्यांनीं मारले असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुष्कळसे उभ्या रानांतच शिकारीला बळी पडले. परंतु जेथें रान तोडून मळा केला, तेथें घट सर्वांत तीव्र झाली. भुकेला वनमानुष कोवळे कोंब खाण्यास मळ्यांत शिरला, कीं तो उपद्रवी ठरतो, आणि उपद्रवी जनावराचें काय करतात हें शेतकऱ्यांच्या देशांत सांगावयास नको.

मळा म्हणजे निर्जीव ओसाड नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. रानांतील प्राण्यांच्या जातींपैकीं शेंकडा सुमारें १५ जाती तेवढ्या मळ्यांत आढळतात, असें २००८ सालच्या एका अभ्यासाचें म्हणणें आहे. जें टिकतें तें मात्र मजेंत टिकतें. उंदीर माजतात, आणि त्यांच्या मागें वाघाटी येते. मलेशियांत तर माकडांच्या टोळ्या मळ्यांत उंदीर मारून खातात, असें २०१९ सालीं दिसून आलें. फळांची चोरी होते त्याहून उंदरांचा बंदोबस्त मोलाचा ठरतो! रानडुकरांचें चित्र उलट आहे. मळ्यांतील फळांवर तीं पोसतात, आणि विण्याच्या वेळीं माद्या पलीकडच्या पासोच्या राखीव रानांत जाऊन घरट्यासाठीं कोवळीं रोपें मोडून नेतात. कुऱ्हाड न लागलेलें रानहि त्यामुळें आंतून विरळ होत चाललें आहे.

बोर्निओंतील साबाह राज्यांत २०१३ च्या जानेवारींत एका राखीव रानांत चौदा हत्ती मेलेले सांपडले. विषप्रयोगाचा संशय होता. मेलेल्या आईला सोंडेनें उठवूं पाहणाऱ्या तीन महिन्यांच्या पिलाचें छायाचित्र त्या वेळीं जगभर छापलें गेलें. त्याच राज्यांत किनाबातांगान नदीच्या कांठीं आतां रानाच्या चिंध्या तेवढ्या उरल्या आहेत. तेथें कांहीं मंडळींनीं ओढ्यांवर दोरांचे पूल बांधले, कारण वनमानुष पोहत नाहीं आणि ज्या झाडांवरून तो ओलांडीत असे तीं गेलीं. हे पूल त्यानें वापरलेहि. आम्हांस ह्या खटपटीचें कौतुक वाटतें, आणि त्याबरोबर वाईटहि वाटतें.

मग हें तेल वर्ज्य करावें काय? आमच्या धाकट्या पुतणीचा तसा आग्रह आहे, आणि घरांत त्यावर बरीच वादावादी झाली. अडचण अशी कीं, तेलमाड हेक्टरीं साडेतीन टनांच्या आसपास तेल देतो. सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. तेवढेंच तेल दुसऱ्या पिकांतून काढूं म्हटलें, तर नऊपटींपर्यंत जमीन लागेल, असा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाचा २०१८ सालचा इशारा आहे. शिवाय २०२२ च्या दिवाळींत आपल्या राज्य सरकारनें शंभर रुपयांत जो शिधा दिला, त्यांत रवा, साखर व चण्याच्या डाळीबरोबर एक लिटर पामतेलच होतें. ज्या घरीं त्यावर करंज्या तळल्या गेल्या त्या घरास उपदेश करण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाहीं. आमच्या मतें मूळ प्रश्न तेलमाड कोठें लावावा हा आहे. उभें रान तोडून कीं आधींच उघड्या पडलेल्या जमिनीवर.

आणि तो प्रश्न आतां समुद्रापलीकडचा राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं ११,०४० कोटि रुपयांची तेलमाड-योजना मंजूर केली, आणि तींत ईशान्येकडील राज्यांवर विशेष भर दिला. मिझोराममध्यें डंपा व्याघ्रप्रकल्पाच्या कडेला तेलमाड आधींच उभा आहे. तेथील पक्ष्यांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. ज्या झूमशेतीला सगळे नांवें ठेवतात, तिच्या पडीक रानांत रानपक्षी तेलमाडापेक्षां अधिक आढळले. डंपाच्या झाडींत डोळ्यांभोंवतीं पांढरीं वर्तुळें असलेलीं फायरेचीं वानरें राहतात. तीं पानें खाऊन झाडावरच दिवस काढतात, आणि त्यांनाहि फांदीला फांदी लागलेली हवी असते.