नकाशा तपासता आला पाहिजे

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना जीआयएस शिकवताना एक गोष्ट मला दरवर्षी अधिक पटत जाते. नोकरीसाठी म्हणून आपण जे घोटून घेतो, तेच नोकरीत सर्वांत कमी उपयोगी पडते. प्रॅक्टिकलच्या वहीत बफर, ओव्हरले, इंटरपोलेशन असे एकेक प्रयोग असतात. डेटा आधीच साफ करून दिलेला असतो, सांगितलेली बटणे सांगितलेल्या क्रमाने दाबली की हवा तो नकाशा उमटतो. मुले हुशार असतात, पहिल्या फटक्यात जमवतात. पण महापालिकेच्या मालमत्ता कराच्या कामात किंवा पाणलोटाच्या आराखड्यात असा साफ डेटा कुणी आयता हातात ठेवत नाही. तिथे बराचसा पगार डेटा जुळवण्याचा आणि न जुळणारा ओळखण्याचा असतो. म्हणून माझे म्हणणे असे, की अभ्यासक्रमाचा निम्मा वेळ तरी अर्धवट, एकमेकांशी न पटणाऱ्या माहितीवर खर्च झाला पाहिजे.

आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. यूटीएम पद्धतीच्या दोन पट्ट्यांची सीमा, म्हणजे ७८ अंश पूर्व रेखावृत्त, विदर्भातून जाते. पुणे, नाशिक, अकोला ४३ व्या पट्ट्यात. वर्धा, नागपूर ४४ व्या. नागपूरच्या फाइलला चुकून ४३ वा पट्टा लावला, तर शहर सहा अंश पश्चिमेला सरकून थेट गुजरातेत बारडोलीच्या आसपास जाऊन बसते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या चुका जास्त घातक. जुना गाव नकाशा स्कॅन करून तीन ओळखीच्या बिंदूंवर बसवला आणि साधे अफाइन रूपांतर वापरले, की संगणक त्रुटी शून्य दाखवतो. विद्यार्थी खूश होतो. पण या रूपांतरात सहा अज्ञात संख्या असतात आणि तीन बिंदू बरोबर सहा समीकरणे देतात. बिंदू कितीही चुकीचे घेतले तरी उत्तर शून्यच येणार. चौथा, पाचवा बिंदू घेतल्याशिवाय आणि ते नकाशाभर पसरल्याशिवाय त्या शून्याला काही अर्थ नाही. तसेच जुन्या टोपोशीटचे एव्हरेस्ट आधार-पृष्ठ (डेटम) विसरून तिला जीपीएसच्या नोंदींवर ठेवले, तर पुण्याच्या परिसरात शंभरेक मीटरचा फरक पडतो. शेताच्या हिशेबात शंभर मीटर म्हणजे बांध ओलांडून दुसऱ्याच्या गटात. आणि गावांच्या नावांवरून तक्ता जोडायला गेले, की एका जिल्ह्यातली सगळी वडगावे एकमेकांत मिसळतात. तिथे नावाऐवजी गावाचा संकेतांक लागतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: जाहिरातीत तर सॉफ्टवेअरचे नाव मागतात. मागतात, खरे आहे, आणि ते शिकवलेच पाहिजे. क्यूजीआयएस मोफत असल्यामुळे घरच्या संगणकावरही सराव होतो. पण बटणांची जागा नव्या आवृत्तीत बदलते, आधार-पृष्ठाचा घोळ बदलत नाही. दुसरा आक्षेप प्राध्यापकांचाच: हे कारकुनी काम, विद्यापीठाने सिद्धांत शिकवावा. वर सांगितलेले शून्य का फसवे, याचे उत्तर मात्र सिद्धांताशिवाय देताच येत नाही. ऑन जॉब ट्रेनिंगमध्ये हे आपोआप येईल, असेही म्हणतात. तिथे मुलांच्या वाट्याला सहसा डिजिटायझेशन येते. शंका घेण्याची सवय घेऊनच तिथे गेले तर त्यातूनही काही हाती लागते.

हा बदल आत्ताच हवा, याला एक कारण आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे तयार करण्याचे काम भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय खुले झाले. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरांच्या मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तिथे सरकलेली रेघ म्हणजे कुणाच्या तरी ओट्याची किंवा परसाची जागा.

खरी अडचण परीक्षेची आहे, ती मी नाकारत नाही. एका परीक्षकापुढे मोठी तुकडी असते आणि साफ नकाशाला गुण देणे सोपे जाते. त्यावर उपाय साधा आहे. नकाशासोबत अर्ध्या पानाचे टिपण मागावे: डेटा कुठून आला, त्यात काय पटले नाही, ते कसे तपासले, काय तसेच सोडले. निम्मे गुण त्या टिपणाला ठेवावेत.