आधी अंगठ्याला विचारा!

'मॅचिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दादरच्या गर्दीतलं मॅचिंग सेंटर, काउंटरवर पसरलेली साडी आणि 'ताई, शेड जरा उजेडात बघा' म्हणत आपल्याला दुकानाबाहेर पिटाळणारा सेल्समन. मॅचिंग म्हणजे रंग. फार तर बॅग आणि सँडल. सगळा दिसण्याचा मामला!

या शब्दाचा आणखी एक अर्थ मला गेल्या वर्षी कळला. तोही कुठे, तर अमेरिकेत, अ‍ॅरिझोनामध्ये, हातांनी रिव्हॉल्व्हर घडवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये. तिथे मॅचिंग करायचं होतं ते घोड्याचं आणि मुठीचं.

दचकलात? साहजिक आहे. मुंबईतल्या माणसाला 'घोडा' कळतो तो सिनेमातल्या भाईलोकांमुळे, आणि तिथे घोडा म्हणजे अख्खी गन. या लेखातला घोडा म्हणजे फक्त हॅमर. रिव्हॉल्व्हरच्या मागच्या बाजूला असलेला, अंगठ्याने ओढायचा भाग. मूठ म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या आतली धातूची चौकट. तिला तिथे ग्रिप फ्रेम म्हणतात.

झालं असं, की माझा मावसभाऊ फिनिक्सजवळ राहतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर कीबोर्ड बडवायचा आणि शनिवारी सकाळी शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची सरकारी शूटिंग रेंज आहे, तिथे जाऊन कागदी टार्गेटवर नेम धरायचा, हा त्याचा नवा छंद. वहिनीला तो अजिबात पसंत नाही. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. मी पोचले त्याच रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "तुमच्या दादांना आता नुसती गन पुरत नाही. कस्टम हवीय!"

दादाकडे होती एक सेकंडहँड रुगर ब्लॅकहॉक. सिंगल-अ‍ॅक्शन. म्हणजे कसं, की प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा. तो ओढला की गोळ्यांचं चक्र एक घर पुढे फिरतं. मग चाप दाबला की घोडा सुटतो. चापाचं काम एवढंच. डबल-अ‍ॅक्शनमध्ये एकटा चाप घोडा मागे नेतो आणि सोडतोही. हे जुनं तंत्र म्हणजे कोल्ट कंपनीचं १८७३ सालचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, वेस्टर्न सिनेमातल्या प्रत्येक काऊबॉयच्या कमरेला असतं तेच. कोल्टने १९४०च्या सुमाराला त्याचं उत्पादन थांबवलं. पुढे टीव्हीवर काऊबॉयची लाट आली आणि १९४९ साली सुरू झालेल्या रुगर कंपनीने ती बरोब्बर पकडली. १९५३ मध्ये सिंगल-सिक्स, १९५५ मध्ये ब्लॅकहॉक. कोल्टनेही १९५६ मध्ये आपलं जुनं मॉडेल परत आणलं.

दादाची तक्रार साधी होती. जोरदार काडतुसं मारली की चापाच्या कडीची मागची बाजू त्याच्या मधल्या बोटावर आदळायची. बोट सुजायचं. सोमवारी टायपिंग करताना बोंब! म्हणून त्याला 'बिझली' मूठ बसवायची होती. बिजली नव्हे हं, बिझली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं हे गाव. १८९० पासून तिथे ब्रिटिश नेमबाजांच्या मोठ्या स्पर्धा भरतात. त्यावरून कोल्टने १८९४ मध्ये खास नेमबाजांसाठी बिझली मॉडेल काढलं आणि १९८०च्या दशकात रुगरनेही त्याच नावाची स्वतःची मूठ आणली.

घोडा मात्र दादाला जुनाच ठेवायचा होता. तो उंच, ऐटबाज, काऊबॉयवाला घोडा! "पाच स्क्रूंचं तर काम आहे," तो गाडीत मला सांगत होता. "ही मूठ काढायची, ती लावायची. लेगो आहे गं, लेगो."

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "नाही करणार."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अमेरिकेत, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला, 'नाही'? आपण सगळे 'हॅव इट युअर वे'वाल्या जमान्यातली माणसं. मोबाइलचं कव्हर आपलं, पिझ्झावरचं टॉपिंग आपलं, मग घोडा का नाही?

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. दादाची ब्लॅकहॉक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, आत डमी काडतुसं घातली आणि ती त्याच्या हातात दिली. "दहा वेळा घोडा ओढ. गनकडे बघू नकोस, हाताकडे बघ." मग बिझली मूठ आणि तिचा स्वतःचा घोडा असलेली आपली एक रिव्हॉल्व्हर दिली. पुन्हा दहा वेळा. शेवटी तिसरी, एका हट्टी गिऱ्हाइकाने दुसरीकडून करून आणलेली. मूठ बिझलीची, घोडा उंच.

मी बाजूला उभी राहून बघत होते. पहिल्या दोन्ही वेळी हात जागेवर होता. तिसऱ्या वेळी दादाचा अंगठा वर चढायचा, पोचायचा नाही, मग तळवा मुठीवरून थोडा सरकायचा, अंगठा घोड्याला कसाबसा गाठायचा आणि हात पुन्हा खाली यायचा. दहाच्या दहा वेळा! दादाला स्वतःला पत्ताही नव्हता.

मग म्हाताऱ्याने जे समजावलं, ते ऐकून मी वही काढली.

कोल्टच्या जुन्या मुठीला तिथे 'प्लाउ हँडल' म्हणतात, म्हणजे आपल्या नांगराचं रुमणं. शेतकरी हातात धरतो ती नांगराची मूठ. हा आकार आला १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरवरून. तो गोल आणि निमुळता आहे. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर हातातल्या हातात वरच्या दिशेने गोल फिरतं, नळी आकाशाकडे जाते आणि घोडा आपणहून अंगठ्याच्या जवळ येतो. म्हणून घोडा उंच असला तरी चालतं. धक्काच त्याला अंगठ्यापाशी आणून सोडतो!

बिझलीची मूठ पाठीमागे उंच चढते, हात घट्ट धरून ठेवते. धक्का सरळ तळव्यात येतो, गन फिरत नाही, बोट वाचतं. १९८०च्या दशकात जॉन लाइनबॉसारख्या कारागिरांनी प्रचंड ताकदीच्या काडतुसांसाठी रुगरच्या बिझली मुठीलाच पसंती दिली, ती यामुळेच. पण गन फिरत नाही, म्हणजे घोडाही अंगठ्याकडे येत नाही. मग त्यालाच खाली आणावं लागतं. म्हणून बिझलीचा घोडा बुटका, रुंद आणि मागे पसरलेला. दिसायला जरा बेंगरूळच, पण अंगठा जिथे आहे तिथेच तो असतो.

यात आणखी एक गोम आहे. घोडा पुढे ढकलणारी स्प्रिंग मुठीच्या आत बसते. मुठीचा कोन बदलला की स्प्रिंगने घोड्याला रेटण्याचा कोनही बदलतो. शिवाय मुठीच्या वरच्या दोन कानांच्या मधून घोडा मागे येतो. तिथला आकार जुळला नाही, तर घोडा घासतो. जुन्या कोल्टमध्येही बिझलीचा घोडा स्प्रिंगला वेगळ्या पद्धतीने जोडलेला होता, त्यामुळे सरळ अदलाबदल अशक्यच. पाच स्क्रू काढणं सोपं आहे हो, पुढचं काम कानशीने आणि डोळ्याने करावं लागतं.

अमेरिकेत या विषयावर लोक शंभर वर्षं डोकं लावतायत. एल्मर कीथ नावाचा एक काऊबॉय आणि लेखक होता. लहानपणी मोंटानातल्या एका आगीत तो भयंकर भाजला आणि त्याचा डावा हात कायमचा अधू झाला. हॅरल्ड क्रॉफ्ट या फिलाडेल्फियाच्या हौशी नेमबाजाने स्वतःसाठी चार कस्टम रिव्हॉल्व्हर करून घेतली होती. ती बघून, हाताळून कीथने आपलं पाचवं करवून घेतलं. मुठीची पाठ बिझलीची, पुढचा भाग साध्या कोल्टचा, दोन्ही कापून-वाकवून एकत्र बसवलेले, आणि घोड्याचा कान बिझलीसारखा रुंद, खाली. १९२९ मध्ये 'अमेरिकन रायफलमन' मासिकात त्याने त्याबद्दल लिहिलं. लेखाचं नाव काय, तर 'द लास्ट वर्ड'! नंबर फाइव्ह मुठीच्या नकला आजही होतात. कीथने मूठ मनासारखी बनवली, पण तो घोडा विसरला नाही, हे महत्त्वाचं.

परतीच्या वाटेवर दादा गप्प होता. घरी वहिनीने विचारलं, "किती लागणार?" दादाने आकडा सांगितला. वहिनी फुटलीच. "एवढे पैसे कशाला, अंगठ्याला सोयीचं व्हावं म्हणून? घरात पोर आहे आणि तुम्ही मूठ निवडत बसलाय!"

मी तोपर्यंत त्या वर्कशॉपवर फिदा झाले होते, ते पॉलिश, ती नजाकत, तो म्हातारा. वहिनीच्या त्या वाक्याने जमिनीवर आले. ही वस्तू कितीही देखणी असली तरी तिचं काम काय आहे, ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. म्हाताऱ्याच्या कामाचं कौतुक मला आजही वाटतं. पण वहिनीचा प्रश्न बाजूला सारून मला ते करता येत नाही.

दादाने मग पहिल्यांदाच गन समोर न ठेवता समजावलं. अंगठा घोड्यावरून निसटणं हीच तर खरी भीती. जुन्या सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये घोडा निसटला की गोळी सुटू शकायची. नुसता खाली पडून घोड्यावर दणका बसला, तरी धोका. म्हणून शहाणी माणसं सहाऐवजी पाचच गोळ्या भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची. रुगरने १९७३ मध्ये आत एक पट्टी घातली, त्यामुळे चाप पूर्ण दाबल्याशिवाय घोड्याचा ठोसा काडतुसापर्यंत पोचतच नाही. दादाची गन त्यानंतरची. "तरी न पोचणाऱ्या अंगठ्याने घोडा ओढणारा माणूस मला रेंजवर माझ्या शेजारी नको," तो म्हणाला. "आणि तो माणूस मीच होणार होतो."

वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने अटी घातल्या. गन तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कपाटात, त्या कपाटाची किल्ली तिच्याकडे. आणि घोडा म्हातारा म्हणेल तोच!

चार महिन्यांनी दादाने फोटो पाठवला. बिझली मूठ, बुटका घोडा. खाली लिहिलं होतं, 'दिसायला आधीचीच भारी होती.' मी लगेच वहिनीला फोन लावला. कशी आहे गं?

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "पण काल डमी घालून वीस वेळा ओढून दाखवायला लावलं. हात हलला नाही. किल्ली अजून माझ्याकडेच आहे."