भिंतीवरची नावं

जून उजाडला की आमच्या घरात माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. आजीसाठी बदाम, मावशीसाठी क्रीम, भाचरांसाठी चॉकलेटं. मग वजनकाटा, आणि "दोन किलो जास्त होतंय, काय काढू?" हा ठरलेला प्रश्न. टोरोंटोतल्या कुठल्याही मराठी घरात जा, जूनमध्ये हेच दृश्य दिसेल.

1985च्या जूनमध्येही कितीतरी घरांतून असंच सामान भरलं गेलं असणार. शाळांच्या सुट्ट्या सुरू होत होत्या. एअर इंडियाचं 'कनिष्क' मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे निघालं होतं. 23 जूनला, रविवारी सकाळी, आयर्लंडजवळ अटलांटिकवर सामानातल्या बॉम्बचा स्फोट झाला. विमानातली सगळीच्या सगळी 329 माणसं गेली. त्यांत ऐंशीहून जास्त लहान मुलं होती. बहुतेक प्रवासी कॅनडाचे नागरिक होते, तरी इथल्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना!

मी इथे आलो 1996 साली. पुढे खटला चालू झाला तेव्हा त्याची बातमी मी चुकवत नसे. 2005मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले, शिक्षा झाली ती एकट्या रेयातला, हे सगळं मला पाठ होतं. आरोपींची नावं तर घडाघडा सांगितली असती. गेलेल्यांपैकी मात्र एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

2007मध्ये हंबर बे पार्कात, सरोवराकाठी, स्मारक झालं. एक सूर्यघड्याळ आणि आयर्लंडच्या दिशेने तोंड केलेली, नावं कोरलेली भिंत. पुढे एका रविवारी मुलांना घेऊन तिथे फिरायला गेलो, तर भिंतीपाशी आपल्या मंडळातले एक काका उभे. गणपतीत चहाच्या पातेल्यामागे असायचे, तेच.

"काका, तुम्ही इकडे कुठे?"

"वहिनी आणि पुतणी," एवढंच म्हणून त्यांनी दोन नावांवरून हात फिरवला.

दहा वर्षं मी या माणसाच्या हातचा चहा पीत होतो!

मग आम्ही बाकावर बसलो. काका म्हणाले, "लोक विचारतात ते त्या दिवसाबद्दल. फोन कधी आला, मृतदेह मिळाले का. त्या दोघी कशा होत्या, हे कुणी विचारत नाही रे."

मी विचारलं. काका तासभर बोलत होते. वहिनी बर्फात गाडी चालवायला भावाच्या आधी शिकल्या. कॅरममध्ये कुणाला ऐकायच्या नाहीत, आणि हरल्या तर स्ट्रायकरला दोष द्यायच्या. पुतणी नऊ वर्षांची. आजीला मराठीत पत्रं लिहायची, पण 'ळ' काही केल्या जमायचा नाही. त्या सुट्टीत आजी तिला 'ळ' शिकवणार होती.

आयर्लंडमध्ये अहाकिस्टा नावाच्या छोट्याशा गावात 1986पासून स्मारक आहे. दर 23 जूनला तिथले गावकरी आपल्या माणसांसाठी जमतात. इथे मात्र 2023च्या एका पाहणीत दहापैकी नऊ कॅनेडियनांनी सांगितलं की या घटनेची आपल्याला फारशी किंवा काहीच माहिती नाही. त्यांना काय बोलू? मीही त्यांच्यातलाच होतो.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. तो 'ळ' आता कदाचित मला एकट्यालाच माहीत असेल, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

मंडळींना एकच विनंती. आपल्या ओळखीतही असं कुणी शांतपणे चहा ओतणारं असेल. त्यांच्याजवळ बसा. विमानाचं, खटल्याचं राहू द्या. "त्यांना काय आवडायचं?" एवढंच विचारा. आणि येत्या 23 जूनला, बॅगा भरून झाल्या की, तासभर त्या भिंतीपाशी या. मुलांनाही आणा. नावं मोठ्याने वाचू.