नाडीवरचे बोट

हृदयविकाराच्या झटक्यानंतर शरीर आधी सावरते. मन पुष्कळ मागे रेंगाळते. २०२१ च्या नोव्हेंबरात माझ्या हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविण्यात आला आणि चौथ्या दिवशी मी वसईला घरी परतलो. डॉक्टरांच्या मते मी बरा होतो. माझ्या मते मी काचेचे भांडे होतो.

उजव्या हाताचे बोट सदैव डाव्या मनगटावर असे. रात्री धडधड सुरू झाली की घाम फुटे, हातपाय गार पडत, आणि त्या लक्षणांच्या धास्तीनेच धडधड वाढे. दोनदा मध्यरात्री रिक्षाने इस्पितळ गाठले. दोन्ही वेळा ईसीजी ठीक निघाला. भीतीला मात्र ईसीजी वाचता येत नाही. वाडीत जाणे थांबले, मिस्सेला जाणेही थांबले.

आमच्या डॉक्टरांनी एक जुनी हकीकत सांगितली. एके काळी अशा रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसविले, तेव्हा वैद्यकविश्वाला तो अविचार वाटला होता. आज चालणे हा उपचाराचाच भाग आहे. मग त्यांनी मला ट्रेडमिलवर चढविले. शेजारी स्वतः उभे राहिले. नाडी एकशेअठरावर गेली, दम लागला, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सारे पूर्वपदावर आले. ज्या धडधडीला मी महिनाभर भीत होतो, ती मी माझ्याच पायांनी आणली होती आणि ती आपोआप शमली होती. कोणत्याही उपदेशापेक्षा मला याचा अधिक उपयोग झाला.

घरी चालण्यासाठी नियम मिळाला : चालताना बोलता आले पाहिजे, गाता येऊ नये. मी त्यासाठी रोझरी हाती घेतली. ‘नमो मरिया’ मोठ्याने म्हणताना वाक्य मध्येच तुटले, की पावले सावकाश करायची. (मातेला ही घाईगर्दीची प्रार्थना कितपत रुचली असेल, कोण जाणे!) अंतर मोजायला आमच्या गावात क्रूस आहेतच. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापर्यंत, पुढे बावखलाच्या काठावरच्या क्रुसापर्यंत, आणि चौथ्या महिन्यात चर्चच्या पायऱ्यांपर्यंत मजल गेली. मध्ये आठ दिवस असे गेले, की उंबरठ्याबाहेर पाऊल पडेना. त्याचे कारण मला आजही सांगता येणार नाही.

सरावलेले हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. माझी सकाळची नाडी चौऱ्याऐंशीवरून अडुसष्टवर आली. गोळ्यांचा वाटा त्यात आहेच. चालताना छातीवर दाब आला, तो हाताकडे वा जबड्याकडे पसरू लागला, तर थांबायचे, आणि तो शमला नाही तर तडक इस्पितळात जायचे, हेही मला पढविलेले आहे. भीतीने होणारी धडधड निराळी आणि ही वेदना निराळी, हा फरक हळूहळू उमगत गेला. तरी शंका आली तर तपासून घ्यायचे, हे डॉक्टरांनी बजावले आहे.

गेल्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीत चौदाही स्थाने मी सर्वांबरोबर चाललो. निघताना पत्नीने विचारले, “अहो, गोळी घेतलीत का?” जिभेखाली ठेवायची ती गोळी खिशात होती. आजही असते.