घे म्हटलं की घ्यायचं!

अहो, पाच संत्री! सायकलची चेन पडलेली, दोन्ही हात काळेकुट्ट, मी रस्त्याकडेला उकिडवा बसून झटापट करतोय, आणि कमरेत वाकलेल्या एक आजी समोरच्या घरातून येऊन माझ्या हँडलवरच्या पिशवीत पाच मिकान ठेवतात. मिकान म्हणजे इथलं छोटं, झटकन सोललं जाणारं संत्रं. मी घाईघाईने पाकीट काढलं. आजींनी दोन्ही हात असे काही हलवले, जणू मी त्यांचा अपमानच केला! ‘ओसेत्ताइ’ एवढं म्हणाल्या आणि वर माझ्यापुढेच वाकल्या.

हे शिकोकु. जपानच्या चार मुख्य बेटांतलं सगळ्यात लहान. बेटाला वळसा घालणारी ८८ देवळांची परिक्रमा, सुमारे १२०० किलोमीटरची. पायी दीड महिना सहज जातो. सायकलवर दोन आठवड्यांत उरकू, असा माझा हिशेब. पुण्याहून सायकल खोक्यात घालून आणली ती एकाच ऐटीत, सगळं सामान आपण वाहायचं, कुणाकडे काही मागायचं नाही!

पहिल्याच देवळात, र्योझेनजीत, त्या ऐटीला टाचणी लागली. तिथे पांढरा अंगरखा घेतला, सायकलच्या जर्सीवर चढवला. पाठीवरची अक्षरं काय म्हणून विचारलं, तर ‘दोग्यो निनिन’. वाटेने दोघे. दुसरा कोण? कोबो दाइशी! म्हणजे कुकाइ, ७७४ साली याच बेटावर जन्मलेला भिक्षू. वाटसरूला दिलेली भेट म्हणजे ओसेत्ताइ; ती त्यालाही पोचते, म्हणून नाकारायची नसते. पैसे तर नाहीच द्यायचे. आपलं नाव लिहिलेली कागदी पट्टी द्यायची. नवख्याची पट्टी पांढरी, पाच फेऱ्या झाल्या की हिरवी, आठ झाल्या की लाल, पुढे चंदेरी, सोनेरी. शंभरी गाठणाऱ्याला जरीची! मी आजींना माझी पांढरी पट्टी दिली, वर काळा अंगठा उमटवून. त्यांनी ती कपाळाला लावली.

आणि देवळांतली गंमत तर सांगायलाच हवी! प्रत्येक ठिकाणी वही पुढे करायची. आतला माणूस तीन लाल शिक्के मारतो, त्यांवर कुंचल्याने सरसर काळी अक्षरं ओढतो, शाई ओली असतानाच टीपकागद ठेवून वही मिटतो. पहिल्या पानावर मी नुसता बघत राहिलो. शिक्क्यात चिनी अक्षरांपेक्षा वेगळंच काहीतरी होतं, आणि ते ओळखीचं वाटत होतं! सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर होतं ते. आपल्या देवनागरीची जुनी भावकी! कुकाइ ८०४ साली चीनला गेला, तिथे प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला, आणि ही अक्षरं इथे रुजली. इथल्या मंदिरात अग्नीत आहुती देतात, त्या विधीला म्हणतात ‘गोमा’. होम हो, आपला होम! हृदयसूत्राचं पठण ऐकताना आधी काही कळलं नाही, पण शेवटचा मंत्र आला आणि जपानी उच्चारांच्या आडून संस्कृत डोकावलं. अंगावर काटाच आला.

तेविसाव्या ते चोविसाव्या देवळाचं अंतर सुमारे ७५ किलोमीटर. मध्ये देऊळ नाही, शिक्का नाही. डाव्या हाताला पॅसिफिक, उजवीकडे डोंगर, समोरून वारा. पायडल मारून मारून मुरोतोच्या टोकाला पोचलो, तर तिथे मिकुरोदो नावाची गुहा. तरुण कुकाइने इथे साधना केली म्हणतात. आत उभं राहून बाहेर पाहिलं की दिसतं फक्त आकाश आणि समुद्र. त्याच्या नावाचा अर्थही तोच, कु म्हणजे आकाश, काइ म्हणजे समुद्र! मी हेल्मेट काढून उभाच राहिलो.

संध्याकाळी मुक्कामी पोचलो, तर पायी आलेले यात्रेकरू दारातच आपापल्या काठीचं टोक धूत होते. काठी म्हणजे साक्षात दाइशी; आधी तिचे पाय धुवायचे, मग आपले. सायकलवर मावेना म्हणून मी काठी घेतलीच नव्हती. मग फडकं मागून घेतलं आणि दोन्ही चाकं पुसली. कुणी हसलं नाही.

जेवताना पिशवीतलं शेवटचं मिकान शेजारच्या आजोबांपुढे ठेवलं. त्यांनी हात जोडले, लगेच उचललं, आणि खिशातून पट्टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. लाल! किमान आठ वेळा चाललेला माणूस, आणि घेताना क्षणभरही अवघडला नाही. मला अजून ६४ देवळं आहेत. तोवर जमेल बहुतेक.